आठव्या पिढीचा पिंजरा

“वडक्यांच्या सात पिढ्यांनी हंडे केले, घंगाळी केली, बंब केले, देवांचे मुखवटे केले. पिंजरा कुणी केला नाही. मी आठवा. माझ्या हातूनही कुणाला कोंडायची वस्तू घडायची नाही, हे सगळ्यांनी नीट ध्यानात ठेवा.”

बद्रीनाथ वडक्यांनी, म्हणजे घरच्या अण्णांनी, ही घोषणा केली ती मागच्या गणपतीत, आणि त्या वेळी त्यांच्या हातात मोजपट्टी होती. ते पाखराची शेपूट मोजत होते. वीस इंच भरली. ती त्यांनी लाइटबिलाच्या पाठीवर टिपून घेतली, पेन्सिल कानावर ठेवली आणि घोषणेचा उरलेला भाग पूर्ण केला.

अठराव्या दिवशी पिंजरा उभा राहिला. पुरुषभर उंच, पितळेचे गज, वर तांब्याचा, हातोडीने ठोकून मठारलेला घुमट आणि घुमटावर कळस. कळसाची गरज काय, असं कुणी विचारलं नाही, कारण आधी पिंजऱ्याचीच गरज काय हे विचारायचं राहून गेलं होतं. पिंजरा आत आला तसा सोफा बाल्कनीत गेला. बिल्डरने जुनं घर पाडून तिसऱ्या मजल्यावर ‘प्रशस्त हॉल’ दिला होता. त्या प्रशस्त हॉलमध्ये आता पाखरू ऐसपैस बसे आणि माणसं भिंतीला घासून जात.

आज फेब्रुवारीतला रविवार होता. पिंजरा चार दिवस रिकामा होता, आणि घरातल्या पाच माणसांपैकी चार माणसं स्वयंपाकघराचं दार लोटून कुजबुजत होती.

कुजबुजणं हे वडक्यांचं काम नव्हे. कसब्यातल्या तांबट आळीत ज्यांचं आयुष्य हातोडीच्या आवाजात गेलं, ती माणसं एकमेकांना चहा विचारतात तेव्हाही समोरच्या इमारतीतली खिडकी उघडते. उत्कर्षा सासवडहून या घरात सून म्हणून आली तेव्हा पहिले पंधरा दिवस तिला वाटत होतं, सगळे आपल्यावर चिडलेत. सोळाव्या दिवशी तिने स्वतःच ओरडून मीठ मागितलं आणि ती घरची झाली.

“हळू,” शंभू म्हणाला, जिन्यात ऐकू जाईल इतक्या आवाजात.

“अहो, तुम्हीच हळू,” उत्कर्षा नवऱ्याला म्हणाली.

“आई, तू मिक्सर लाव बरं. वाटण करायचंच आहे ना मटणाला?”

कौशल्याबाईंनी मिक्सर लावला. उत्कर्षाच्या सासूबाईंचं एक बरं होतं. त्या कशात मत देत नसत, मिक्सर लावत.

त्या आवाजाच्या आडोशाने शंभूने आपलं म्हणणं मांडलं. म्हणणं सोपं होतं. अण्णांना काही सांगायचं नाही. पाखराच्या पोटात जंतू झाले होते, औषधाने बरे झाले, डॉक्टरांनी आठ-पंधरा दिवस स्टीलच्या पिंजऱ्यात ठेवायला सांगितलंय, एवढंच सांगायचं. पंधरा दिवसांचे महिने होतात आणि महिन्यांची माणसाला सवय होते.

“बाबा, दॅट्स चीटिंग,” राजनंदिनी म्हणाली. पाखरू तिचं होतं. “आणि त्या बारा पिंजऱ्यांच्या ऑर्डरचं काय? बारा पिंजरे म्हणजे बारा पक्षी. ते पण हेच खाणार.”

“ते बघू पुढे.”

“पुढे म्हणजे कधी? त्या सजावटकार मॅडम ऑर्डर पक्की करायला आज दुपारी बाराला येतायत.”

हाच सगळा पेच होता, आणि त्याची किल्ली, म्हणजे पाखराचा एक्सरे, उत्कर्षाच्या पर्समध्ये गुंडाळून ठेवली होती.

पाखरू या घरात आलं ते राजनंदिनीच्या खराडीच्या ऑफिसातून. तिथला एक सहकारी कॅनडाला निघाला. त्याने फ्लॅट भाड्याने दिला, गाडी विकली, आणि निळ्या-पिवळ्या मकावचं काय करावं हे न सुचून तो सगळ्यांना त्याचे फोटो पाठवत बसला. राजनंदिनीला दया आली. दया ही खराडीला येते आणि कसब्यात राहायला लागते, असं उत्कर्षा तेव्हाच म्हणाली होती. पिवळा अंगरखा, निळी शाल, चेहऱ्यावर दरबारात आल्याचा भाव, म्हणून पाखराचं नाव सरदार पडलं. सरकारी संकेतस्थळावर त्याची रीतसर नोंद झाली. घरातल्या पाचही माणसांच्या कागदपत्रांत कुठे ना कुठे नावाची चूक होती. सरदारची कागदपत्रं चोख होती.

बाजारातून आणलेल्या लोखंडी पिंजऱ्याची कडी त्याने तिसऱ्या दिवशी चोचीने उपटली. ती तुटकी कडी अण्णांनी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, “हे काम आहे होय?” 

त्याआधीच्या दोन वर्षांत त्यांनी कुठल्या धातूच्या वस्तूला हात लावला नव्हता. मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, हात थोडे थरथरायला लागले, आणि बाजारात यंत्रावर ठोकलेली भांडी हाताची म्हणून विकली जायला लागली. अण्णांनी हातोडी खुंटीला टांगली आणि खिडकीत खुर्ची टाकली. समोर नवी इमारत चढत होती. ते तिचा एकेक मजला होताना बघत. नववा मजला झाला त्या दिवशी ते म्हणाले, “आता दिसायचं बंद झालं,” आणि खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसले. त्या दिवसाची उत्कर्षाला अजून भीती वाटे.

म्हणून पिंजऱ्याची अठरा दिवसांची ठोकाठोक सुरू झाली तेव्हा पाखराच्या विरोधात असलेली उत्कर्षासुद्धा गप्प बसली. सरदार तळमजल्यावरच्या कारखान्यात अण्णांच्या समोर, एका उलट्या हंड्यावर बसून सगळं बघत होता. सहा महिन्यांत तो माणसाचा एक शब्द शिकला नाही. हातोडी मात्र शिकला. रोज दुपारी दोन वाजता तो सुरू होई. टण् टण्, टण् टण् टण्, मग अण्णा भांडं फिरवायला थांबत तेवढा वेळ थांबून पुन्हा टण् टण्. हुबेहूब. बाल्कनीतल्या सोफ्यावर कानात कापसाचे बोळे घालून पडलेली उत्कर्षा त्या काळात देवाला एकच मागत असे, की हे पाखरू या घरातून जावं.

देवाने ऐकलं, पण भलत्या खात्यात.

बुधवारी सरदार सुरू झाला नाही. गुरुवारी तो पिंजऱ्याच्या तळाशी पंख फुगवून बसला आणि हिरवंगार ओकला. राजनंदिनी ऑफिसात होती, शंभू कारखान्यात होता. तेव्हा ज्या बाईने सहा महिने त्याच्या जाण्याची वाट पाहिली होती, तिनेच त्याला टॉवेलात गुंडाळला, धुण्याच्या टोपलीत बसवला आणि रिक्षात मांडीवर घेतला. 

“मावशी, हा बोलतो का?” रिक्षावाल्याने विचारलं.

“आमच्या घरात त्याला मध्ये बोलायला मिळत नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण टोपली गच्च धरलीय.

पाखरांच्या डॉक्टर निकिता वयाने राजनंदिनीहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी एक्सरे काढून भिंतीवर लावला. पाखराच्या पोटात तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके होते.

“धातू आहे हा. शिसं असावं, जस्तही असेल. याला धातू कुठून मिळतो?”

उत्कर्षाला कुठून सुरुवात करावी ते कळेना. तिच्या घरात धातूखेरीज काय मिळतं, असं विचारलं असतं तर उत्तर लवकर देता आलं असतं.

“पिंजरा कशाचा आहे?”

“पितळेचा. वर तांबं.”

“जोड कसे आहेत?”

“झाळलेले. म्हणजे शिसं नि कथील वितळवून.”

“तो ते चाटतोय आणि खरवडतोय. रोज थोडं थोडं. या पक्ष्यांना स्टीलशिवाय काही देऊ नये.” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या, “कुठल्या दुकानातून घेतला? त्यांना कळवा तरी.”

“दुकान घरचंच आहे,” उत्कर्षा म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली आणि मग आवाज थोडा खाली आणून, माणसांच्या डॉक्टरांना क्वचितच जमतं तसं, समजुतीने बोलल्या. पाखरू बरं होईल. इंजेक्शनं चालू आहेत, मंगळवारी घरी नेता येईल. “पण एक विचारू? हा चार वर्षांचा आहे. नीट ठेवला तर साठ वर्षं जगेल. पुढची छप्पन्न वर्षं तुमच्या घरात कोण आहे?”

उत्कर्षाने मनातल्या मनात घरातली माणसं एका ओळीत उभी केली. ओळ लवकर संपली. शेवटी राजनंदिनी उरली, ऐंशी वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेली, खांद्यावर निळी शाल पांघरलेलं पाखरू घेऊन.

परत येताना तिला आणखी एक गोष्ट आठवली आणि ती जास्त बोचली. लग्नानंतर सतराव्या दिवशी अण्णांनी तिला समोर बसवून तांबटाच्या सुनेला द्यायचा धडा दिला होता. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही. ताक कळकतं, पोटात गेलं की माणूस ओकून ओकून आडवा होतो. तांबं देवासारखं आहे, पण देवालासुद्धा सोवळ्यात ठेवावं लागतं. पन्नास वर्षं आळीत येणाऱ्या प्रत्येक सुनेला अण्णांनी हे सांगितलं होतं. सरदारच्या पाण्याच्या वाटीलाही त्यांनी स्वतः कल्हई केली होती, दोनदा. वाटीला.

मिक्सर अजून चालू होता.

“मम्मी, तू बोल ना काहीतरी,” राजनंदिनी म्हणाली. “तुला तर तो नकोच होता. यू वेअर राइट, ओके? म्हण एकदा आणि मोकळी हो.”

हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून उत्कर्षाने सहा महिने वाट पाहिली होती. त्याची दोन-तीन रूपं तिने घासूनपुसून तयारही ठेवली होती. आता ते तोंडात घोळवून बघितलं तर कळकलेल्या ताकासारखं लागलं.

“मी म्हणते, सांगायचं,” ती म्हणाली. “पण आत्ता नाही. जेवण झाल्यावर.”

“जेवण दीडला. बाई येणार बाराला,” शंभू म्हणाला. “अण्णांनी सकाळी स्वतः शर्टाला इस्त्री केलीय, पाहिलंस? माझ्या लग्नातही केली नव्हती. दोन वर्षांनी माणूस खिडकीतून उठलाय. त्याला आज सांगू, तुम्ही विष घडवलंत म्हणून? मी नाही सांगणार. आणि तुम्हीही कुणी अण्णांना सांगायचं नाही म्हणजे नाही!”

नेमका ‘म्हणजे’पाशी मिक्सर थांबला. पुढचं ‘नाही’ एकट्यानेच हॉलपर्यंत गेलं.

दार उघडून अण्णा आत आले. इस्त्रीचा शर्ट, कानात यंत्र, हातात फडकं. ते पिंजरा पुसत होते.

“दहा मिनिटं वाटण चाललंय,” ते म्हणाले. “लग्नघर आहे का?” मग सगळ्यांच्या तोंडाकडे बघून त्यांनी फडक्याची घडी केली. “गेला का तो?”

“नाही नाही, अण्णा. बरा आहे. मंगळवारी सोडतायत,” उत्कर्षा घाईने म्हणाली.

“मग कुजबुजताय कशाला? मयताशिवाय या घरात कुणी हळू बोललेलं मला आठवत नाही. तेव्हाही फार हळू नव्हतं.”

शंभूने मिक्सरकडे पाहिलं, पण वाटण संपलं होतं. राजनंदिनीने तोंड उघडलं आणि तिला रडू यायला लागलं. तेव्हा उत्कर्षाने पर्स उघडून एक्सरे बाहेर काढला. सासऱ्यांशी ती नेहमी बोलायची त्याच आवाजात, म्हणजे आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, तिने सगळं सांगितलं. हळू सांगितलं असतं तर ते जास्त वाईट वाटलं असतं, असं तिला वाटलं. शिसं, जस्त, झाळ, कण्या, स्टील. पाचच शब्द होते, मधले भरायचे होते.

अण्णांनी चष्मा बदलला. एक्सरे घेऊन ते हॉलच्या खिडकीशी गेले आणि नवव्या मजल्याच्या वर उरलेल्या आभाळाच्या तुकड्यासमोर तो धरला. बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर उत्कर्षाला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. दुसऱ्या कारागिराचं काम तपासताना असायचा तोच चेहरा होता.

“बॅटरी आण,” ते नातीला म्हणाले.

राजनंदिनीने मोबाइलचा उजेड लावून दिला. अण्णा पिंजऱ्यापाशी उकिडवे बसले आणि एकेका जोडावरून अंगठा फिरवत गेले. खालून तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी अंगठा थांबला. सरदारची बसायची दांडी बरोबर तिथे होती.

“हा,” ते म्हणाले.

जोड आरशासारखा चकाकत होता. झाळ अर्धीअधिक नाहीशी झाली होती.

“दिवाळीत बघितला होता मी,” अण्णा म्हणाले. “बाकीचे जोड काळवंडले आणि हा लखलखतोय. म्हटलं, पठ्ठ्या चाटूनपुसून ठेवतो. कारागिराच्या घरचं पाखरू आहे. मग संक्रांतीला बघितलं तर झाळ कमी झालेली. मला वाटलं, त्याला आवडतंय. म्हणून मी आणखी लावली. जरा जास्तच लावली.”

समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली. वडक्यांकडे इतकी शांतता म्हणजे काहीतरी झालं असणार.

“तुम्हाला काय माहीत, अण्णा,” शंभू म्हणाला. “जनावर म्हटलं की असं होतंच. कुत्रं पाळलं तरी कधी कधी...”

“कुत्र्याचं वेगळं.” अण्णा उठले. उठताना त्यांनी गजाला धरलं आणि लगेच हात काढून घेतला. “कुत्र्याला काय देऊ नये हे आळीतलं शेंबडं पोर सांगेल. गाईचं माझी आई सांगायची. चिमणीचंसुद्धा सांगायची. आपल्या इथल्या प्रत्येक जिवाला काय बाधतं, हे आपल्यातल्या कुणाच्या तरी आजीला माहीत असतं. याची आजी ब्राझीलला. तिला विचारायला कोण गेलंय?”

“नेटवर होतं, अण्णा,” राजनंदिनी नाक पुसत म्हणाली. “मी सगळं वाचलं होतं. डाएट, टेम्परेचर, टॉइज. पिंजऱ्याचंही होतं, स्टेनलेस स्टील म्हणून. मला वाटलं, ते बाजारच्या पिंजऱ्यांबद्दल असेल. तुम्ही केलेल्या गोष्टीने कुणाला काही होईल, असं मला वाटलंच नाही.”

हे ऐकून अण्णांनी पहिल्यांदा मान खाली घातली. उत्कर्षाला वाटलं, एक्सऱ्याने जे झालं नाही ते या कौतुकाने केलं.

मग त्यांनी ताठ होऊन आणखी एक घोषणा केली. “शंभू, त्या बाईंना फोन लाव. पिंजरे मिळायचे नाहीत. आजपासून बद्रीनाथ वडक्याची हातोडी बंद. ज्याला आपण काय घडवतोय ते कळत नाही, त्याने धातूला हात लावू नये.”

शंभूने फोन लावला, स्पीकरवर, कारण या घरात फोन दुसऱ्या कुठल्या प्रकारे लावत नसत. सजावटकार बाई वाटेतच होत्या. अण्णांनी त्यांना शिसं, जस्त, कण्या सगळं सांगितलं.

“पण आजोबा,” बाई म्हणाल्या, “आम्ही त्यात पक्षी कुठे ठेवणार आहोत? हॉटेलच्या लॉबीत टांगायचेत. आत मनीप्लांट सोडणार.”

शंभूच्या तोंडावर रंग परत आला. राजनंदिनीचे डोळेही एकदम कोरडे झाले. “अण्णा, प्लांट्सना काही होत नाही,” ती म्हणाली. दहा मिनिटांपूर्वी बापाला लबाड म्हणणारी मुलगी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. “घ्या ना, अण्णा. खरंच.”

“झाडाला पिंजरा कशाला?” अण्णांनी फोनला विचारलं. “ते कुठं पळणार आहे?”

“शोभेला, आजोबा.”

“शोभेला मग कुलूप कशाला पाहिजे? नको. तुम्ही परत फिरा, ताई. लक्ष्मी रोडला लागलात तर दोन तास जातील.”

फोन बंद झाला. शंभू जमिनीवर बसला, कारण सोफा बाल्कनीत होता.

उरला सरदार. अण्णांनी नातीकडे पाहिलं. “पाखरू तुझं, कागद तुझ्या नावावर. तू ठरव. मी त्याच्यासमोर उभा राहणार नाही.”

“मी स्टीलचा पिंजरा घेते,” राजनंदिनी म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “आणि मी दिवसभर खराडीला. येता-जाता तीन तास. आणि उद्या मला बाहेर पाठवलं तर मी पण ऑफिसात फोटोच पाठवत बसणार सगळ्यांना.”

उत्कर्षाने डॉक्टरांनी सांगितलेलं आणखी एक सांगितलं. ते तिने चार दिवस राखून ठेवलं होतं, आणि का ठेवलं ते तिला स्वतःलाच नीट कळत नव्हतं. मुळशीच्या पुढे संभाजी म्हणून एक माणूस आहे. त्याच्याकडे या जातीची पाच पाखरं आहेत आणि मंगल कार्यालयाएवढी जाळीची खोली आहे. त्यात ती उडतात. त्याच्या दोन मुली आहेत, त्या पाखरांबरोबरच वाढल्यात. सरदारला घ्यायला तो तयार आहे.

“उडतात?” राजनंदिनीने विचारलं.

“मी विचारलं डॉक्टरांना, याला उडता येतं का. म्हणाल्या, यायला पाहिजे, पण तुम्ही कधी बघितलंय का? मी म्हटलं, नाही. आमच्याकडे तो फक्त ठोकतो.”

राजनंदिनी पिंजऱ्याच्या उघड्या दारातून आत बघत राहिली. दांडीवर एक निळं पीस अडकलं होतं. “रविवारी जाता येईल ना बघायला?”

“मुळशी काही कॅनडा नाही,” उत्कर्षा म्हणाली. आणि तिला नवल वाटलं, की जे सहा महिने मागितलं ते आता मिळत असताना आपल्याला आनंद कसा होत नाही.

“ठरलं तर,” शंभू खालून म्हणाला. “पाखरू मुळशीला. पिंजरा मोडीत.”

“जाणार म्हणजे?” मागून आवाज आला. “कायमचं?”

कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला वाटण लागलेलं. सहा महिन्यांत त्यांनी पाखराला एकदाही हात लावला नव्हता. ‘ते ध्यान’ याखेरीज त्याचा उल्लेख केला नव्हता. त्यामुळे सगळ्यांनी एकदम माना वळवल्या.

“आजी, तुला तो आवडायचा?” राजनंदिनीने विचारलं.

“आवडायचं काय त्यात? घरभर घाण करायचं.” कौशल्याबाईंनी पदराला हात पुसले. “लग्न होऊन आले तेव्हापासून दुपारी जेवण झालं की मी आडवी व्हायची, आणि खाली यांची हातोडी सुरू व्हायची. त्रेपन्न वर्षं. टण् टण् ऐकलं की आपोआप डोळा लागायचा. मग हे खिडकीत जाऊन बसले. दोन वर्षं मी छताकडे बघत पडायची. तुम्ही सगळे म्हणायचात, वय झालं, झोप कमी होते. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या मी कुंडीत टाकल्या. मग ते ध्यान आलं.”

उत्कर्षाला दुपारचे ते दोन तास आठवले. बाल्कनीत आपण कानात बोळे घालून देवाकडे पाखराचं जाणं मागत होतो, आणि आतल्या खोलीत सासूबाई घोरत होत्या. ते घोरणंही आपण पाखराच्या नावावर लावलं होतं.

“अगं, मग कधी सांगितलं नाहीस ते?” अण्णा म्हणाले.

“काय सांगायचं? तुम्ही हातोडी टाकली तेव्हा विचारलंत का?”

अण्णा पिंजऱ्याकडे बघत होते, घुमटाकडे, कळसाकडे आणि मग खालून तिसऱ्या पट्टीकडे. हातोडी बंद केल्याला अजून अर्धा तासही झाला नव्हता. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. शंभू उठून उभा राहिला. फोन पुन्हा लावावा का, हे त्याने बायकोला डोळ्यांनी विचारलं. उत्कर्षाने डोळ्यांनीच ‘थांबा’ म्हटलं.

“कौशल्या,” अण्णा शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर हळू होता. “माझ्या हातून एका मुक्या जिवाला विष गेलंय. घराण्याच्या सात पिढ्यांत असं झालं नाही. आता कुठल्या तोंडाने मी ऐरणीपाशी बसू, सांग.”

कौशल्याबाईंनी थोडा विचार केला. गॅसवर मटणाचा रस्सा रटरटत होता, तिकडे एकदा बघितलं.

“ते तुमचं पिढ्यांचं तुम्ही बघा, अहो. मला त्यातलं कळत नाही. फक्त उद्यापासून दुपारी दोन ते चार जरा ठोकत बसा. काहीही ठोका, रिकामा डबा चालेल. मला झोप लागत नाही.”